योग्य त्या आदेशार्थ सादर

"भावोजी, येताना एक सोलापुरी चादर आणा, कुठलीही चालेल," असे आठ शब्द गेल्या मार्गशीर्षात माझ्या पुण्याच्या मेहुणीने दूरध्वनीवरून उच्चारले आणि ती बापडी आपल्या संसारात पुन्हा निश्चिंतपणे रममाण झाली. परंतु त्या आठांपैकी शेवटच्या दोन शब्दांनी माझ्या निवृत्त आयुष्याची जी घडी विसकटली ती अद्यापि पूर्ववत बसलेली नाही. निळी आणा म्हणाली असती तर निळी आणली असती. मोराची नक्षी हवी म्हणाली असती तर सगळी चाटी गल्ली पालथी घालून मोर पकडून आणला असता. फार काय, चांगली भारीतली आणा म्हणाली असती तरी कुरकुरत का होईना, आणली असती. 'कुठलीही चालेल' ही मात्र सवलत नव्हे, शिक्षा आहे. ज्याला 'कुठलीही' आणावयाची असते त्याला ती सगळ्यांतून निवडावी लागते, आणि आणल्यानंतर 'हीच का आणली?' या प्रश्नाची कैफियत देण्यास तो एकटाच पिंजऱ्यात उभा असतो.

एका चादरीने एवढा गहजब व्हावा हे वाचकांस अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे, म्हणून माझी पूर्वपीठिका सांगणे प्राप्त आहे. मी एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षे नोकरी करून अव्वल कारकून या हुद्द्यावरून निवृत्त झालो, आणि या चौतीस वर्षांत माझ्या हातून एकही निर्णय झाला नाही, हे मी नम्र अभिमानाने नमूद करू इच्छितो. प्रकरण दाखल झाले की त्याची बारनिशीत नोंद करावी, मागील कागद जोडावेत, टिपणी लिहावी, टिपणीत उभय पक्षांचे म्हणणे इतक्या निःपक्षपातीपणाने मांडावे की वाचणाऱ्यास शेवटी मूळ प्रश्नच आठवू नये, आणि तळाशी 'योग्य त्या आदेशार्थ सादर' असे लिहून मिसल वरच्या मेजावर सरकवावी, हा माझा नित्यक्रम होता. वरच्या मेजावरून ती 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन खाली येई. मग आम्ही चहा घेत चर्चा करू, 'चर्चा केली' असे लिहू, आणि मिसल पुन्हा वर जाई. या आरोहण-अवरोहणात कित्येक प्रश्न आपोआप सुटत; कारण कधी अर्जदाराचा उत्साह मावळे, कधी साहेबांची बदली होई, आणि कधी कधी तर अर्जदारच इहलोकीची दरख्वास्त मागे घेऊन जाई.

आमच्या कचेरीच्या आवारात एक जुना कडुलिंब होता आणि त्याची एक वाळलेली फांदी सायकली लावण्याच्या जागेवर लोंबत होती. ती तोडावी की न तोडावी, हे प्रकरण माझ्याकडे आले. वृक्ष सरकारी, फांदी धोकादायक, तोडण्याचा खर्च कोणत्या सदरात टाकावा हे संदिग्ध. असे तिन्ही मुद्दे मी सव्वादोन पानांत मांडले. मिसल दोन वर्षे फिरली. दुसऱ्या पावसाळ्यात फांदी कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता खाली आली ती नेमकी माझ्याच सायकलीवर. नुकसानभरपाईचा अर्ज मीच लिहिला, तो रीतसर माझ्याच मेजावर आला, आणि मी त्यावर 'योग्य त्या आदेशार्थ सादर' असे लिहून तो वर पाठवला. त्या अर्जाचे पुढे काय झाले ते ठाऊक नाही. मी मात्र त्यानंतर पायी जाऊ लागलो.

ज्या मनुष्याने सायकल गमावली पण सही केली नाही, त्याच्यापुढे मेहुणीने 'कुठलीही चालेल' म्हणून चादरीचा प्रश्न टाकावा, यातला क्रूरपणा आता ध्यानी यावा.

घरातला अनुभवही काही निराळा नाही. गेली अडतीस वर्षे रोज सकाळी नऊच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून "अहो, भाजी कुठली करू?" अशी पृच्छा होते आणि गेली अडतीस वर्षे मी वर्तमानपत्राच्या आडून "काहीही कर" असे उत्तर देतो. हे उत्तर मला उदारपणाचे वाटे. एके दिवशी सौभाग्यवती दारातून थेट वर्तमानपत्राच्या अलीकडे आली आणि म्हणाली, "काहीही नावाची भाजी मंडईत मिळत नाही." मी घाबरून म्हणालो, "वांगं कर." "वांगं परवाच झालं." "मग मेथी." "मेथी आज निवडायला वेळ नाही." "मग तुला काय करायचं ते कर." "तेच तर विचारतेय!" अखेर त्या दिवशी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही यांवर निभावले. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हे पदार्थ परमुलखात प्रवासाची शिदोरी म्हणून नावाजलेले आहेत. परंतु माझे मत असे की त्यांचा शोध, नवऱ्याने 'काहीही कर' म्हटल्यानंतर उद्भवणाऱ्या पेचप्रसंगासाठीच कोणा चतुर गृहिणीने लावला असला पाहिजे.

मेहुणीच्या मागणीला आठवडा झाला तरी मी घराबाहेर पाऊल टाकले नाही, हे पाहून माझा भाचा पुढे सरसावला. तो पुण्यास संगणकाच्या धंद्यात असून नाताळच्या सुट्टीस आला होता. तो म्हणाला, "मामा, निर्णय कसा करायचा याचं शास्त्र आहे. बेंजामिन फ्रँकलिननं अडीचशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय." मग कळले ते असे की, १७७२ साली जोसेफ प्रीस्टली नामक शास्त्रज्ञ एका लॉर्डाची नोकरी पत्करावी की न पत्करावी अशा विवंचनेत असता, फ्रँकलिनने त्यास पत्र लिहून कळवले की कागदाच्या मधोमध रेघ ओढावी, एका बाजूस अनुकूल आणि दुसऱ्या बाजूस प्रतिकूल कारणे तीन-चार दिवस सुचतील तशी लिहीत जावे, आणि मग समान वजनाची कारणे दोन्हीकडची खोडीत जावे, उरेल त्यावर निर्णय. नोकरी पत्करावी की नाही हा प्रश्न सोपा होता हे उघड आहे, कारण त्यात लॉर्ड एकच होता.

तरी रेघ ओढण्याचे काम माझ्या हाडीमाशी खिळलेले असल्याने मी तात्काळ ताव घेतला. डावीकडे 'निळी' आणि उजवीकडे 'तांबडी' असे मथळे दिले. तीन-चार दिवसांची मुदत मला कोणी शिकवावी असे नव्हतेच. मी आठ दिवस लावले. निळीच्या बाजूस 'डोळ्यांस शीतल', 'पुण्यातील घराच्या भिंतींशी जुळेल' अशी कारणे पडली. तांबडीच्या बाजूस 'मंगल रंग', 'पुण्यातील घराच्या पडद्यांशी जुळेल' अशी. मग खोडाखोड सुरू झाली. भिंतीने पडदा खोडला, शीतलतेने मांगल्य खोडले, आणि आठव्या दिवशी दोन्ही बाजूंस एकेक कारण शिल्लक राहिले. निळीच्या बाजूस: 'मळ दिसत नाही.' तांबडीच्या बाजूस: 'मळ दिसत नाही.' सौभाग्यवतीने तो ताव वाचला, घडी केली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल स्थिर झाले, एवढे श्रेय फ्रँकलिनसाहेबांस दिलेच पाहिजे.

पार्क मैदानावरील प्रातःफेरीत आमच्यासोबत एक निवृत्त मुख्याध्यापक असतात. त्यांस जगातील यच्चयावत विषयांवर कोणी ना कोणी केलेले संशोधन ठाऊक असते आणि ते ऐकून घेणारा मिळाला की त्यांचे गुडघे दुखत नाहीत. ते म्हणाले, "तुमचा दोष नाही. जास्त पर्याय असले की माणूस गोठतो. अमेरिकेत शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या दोघांनी २००० साली हे सिद्ध करून दाखवलं. दुकानात मुरंब्याचे चोवीस प्रकार मांडले तेव्हा चव घेणाऱ्यांपैकी शेकडा तिघांनीच बाटली विकत घेतली. सहाच मांडले तेव्हा शेकडा तिसांनी!" हे ऐकून मला कित्येक महिन्यांत वाटले नव्हते इतके हलके वाटले. शेकडा सत्त्याण्णव अमेरिकन लोक माझ्यासारखेच आहेत, ही जाणीव काही लहान नव्हे. मी म्हणालो, "म्हणजे मी सहाच चादरी पाहाव्यात?" "अगदी बरोबर." "पण कुठल्या सहा?" मुख्याध्यापक थांबले. त्यांनी आकाशाकडे पाहिले, किल्ल्याच्या तटाकडे पाहिले आणि मग त्यांचे गुडघे दुखू लागले.

भाच्याकडे आणखी एक अस्त्र होते. गणितात म्हणे असे सिद्ध झालेले आहे की, एकामागून एक पर्याय समोर येत असतील आणि एकदा नाकारलेल्याकडे परत जाता येत नसेल, तर एकूण पर्यायांपैकी पहिले शेकडा सदतीस नुसते पाहून सोडून द्यावेत आणि त्यानंतर, सोडून दिलेल्या सर्वांहून सरस असा जो पहिला भेटेल त्याच्या गळ्यात माळ घालावी. "वधूसंशोधनाला पण हेच लागू पडतं, मामा," असे तो म्हणाला. मी बावीस वर्षांचा असताना पाहिलेल्या पहिल्याच स्थळाशी विवाहबद्ध झालो, तेही वडिलांनी ठरवल्यामुळे. तेव्हा या विषयावर अधिक चर्चा स्वयंपाकघराच्या एवढ्या निकट करणे मला प्रशस्त वाटले नाही.

एका शनिवारी मी चाटी गल्लीत उतरलो. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी हे परगावच्या वाचकांस सांगितलेले बरे, नाहीतर ते तिथे चटणी शोधीत जातील. मी वही काढून चादरींची दुकाने मोजली, ती सोळा भरली. सोळाचे शेकडा सदतीस म्हणजे पाच पूर्णांक ब्याण्णव शतांश. पाच दुकाने सोडावीत की सहा, या मुद्द्यावर मी मधल्या मारुतीसमोर पाऊण तास उभा राहिलो. शेवटी कचेरीच्या वहिवाटीप्रमाणे अपूर्णांक वरच्या अंकात धरला.

सोलापूरच्या दुकानात चादर दाखवतात ती ओघाने दाखवीत नाहीत, वर्षाव करतात. आपण "चादर" यातला 'चा' म्हणेपर्यंत दोन चादरी उलगडून पांढऱ्या गादीवर पडलेल्या असतात. दुकानदार आपल्याशी मराठीत बोलतो, गल्ल्यावरच्या भावाशी तेलुगूत, हमालाशी कानडीत, आणि भाव ऐकून आपला चेहरा उतरला की स्वतःशी कोणत्या भाषेत बोलतो ते कळत नाही. "घ्या की काका! हात लावून बघा की! धुवा, आपटा, दहा वर्षं काय होत नाही." मी नियमाप्रमाणे हात लावला, मान डोलावली आणि म्हणालो, "छान आहे. म्हणूनच आता घेत नाही." त्या सज्जनाने भावाकडे पाहिले. भाऊ तेलुगूत काहीतरी म्हणाला. भाषांतराची गरज नव्हती.

तिसऱ्या दुकानात ती दिसली. गर्द निळ्यात पांढरी नक्षी, दोन्ही अंगांनी तितकीच देखणी, वजनाला भरघोस, हाताला ऊबदार. अशी चादर पाहून एखादा अडाणी मनुष्य पैसे मोजून मोकळा झाला असता. मी सुशिक्षित असल्यामुळे तिची फक्त वहीत नोंद केली आणि पुढे गेलो. सहा दुकाने झाली. सातव्यापासून मला घेण्याची मुभा होती, परंतु अट अशी की तिसऱ्या दुकानातलीहून सरस हवी. सातव्यात नव्हती. आठव्यात नव्हती. अकराव्यात रंग सरस होता पण पोत सुमार. चौदाव्या दुकानाच्या मालकाने, मी तेरा दुकाने हिंडून आलो हे ऐकून, मला प्रथम पाणी दिले. पंधराव्यात दिवाबत्तीची वेळ झाली. आता गणिताच्या आज्ञेनुसार सोळावे दुकान जे देईल ते निमूट स्वीकारणे भाग होते. आणि सोळाव्या दुकानात आत पाऊल टाकताच मला दिसले की तिथे फक्त टॉवेल आहेत. सोलापूरचा टॉवेलही नामांकित आहे, चादरीसारखेच त्यासही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे सर्व मान्य. परंतु मेहुणीने थंडीत टॉवेल पांघरावा असे सुचवण्याचे धैर्य माझ्याठायी नव्हते.

"तिसऱ्या दुकानात परत जायचं की मग!" घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाली.

"ते नियमात बसत नाही."

"कुणाच्या?"

मी भाच्याकडे पाहिले. भाचा भ्रमणध्वनीत डोके घालून म्हणाला, "तसं मामा, हा नियम काटेकोर पाळला तरी सर्वांत उत्तम पर्याय हाती लागायचा संभव शेकडा सदतीसच असतो." ही बाब त्याने तहकुबीपूर्वी पटलावर का ठेवली नाही, असे विचारले असता तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही." हा मुलगा सरकारी नोकरीत असता तर फार वर गेला असता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या दुकानात गेलो तेव्हा ती चादर विकली गेली होती. दुकानदार दयाळू होता, म्हणाला, "त्याच नमुन्याची मागावर चालू हाय. बघायला येता का?" आणि मला आपल्या पोराच्या फटफटीवर बसवून माग दाखवायला पाठवले. या गावात १८७७ साली जुनी गिरणी उभी राहिली आणि पुढे गिरण्यांचे भोंगे सगळ्या गावाला उठवू-निजवू लागले. ते भोंगे आता बंद पडले, पण पूर्वभागातल्या बोळांतून यंत्रमागांचा खडखडाट अजून चालू असतो आणि त्यात उभे राहिले की आपलेच विचार आपल्याला ऐकू येत नाहीत. मला हे स्थान एकदम पसंत पडले. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती. ही जकार्डची युक्ती. जोसेफ मारी जाकार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८०४ च्या सुमारास लियों शहरी ती सिद्ध केली, आणि भाच्याच्या संगणकाची वंशावळ तिच्यापर्यंत जाऊन भिडते असे म्हणतात. विणकरदादांनी मला ओरडून समजावले, "पुठ्ठ्याला भोक असलं की धागा वर! नसलं की खाली! बास!"

"आणि त्याला शंका आली तर?" मी ओरडलो.

"कुणाला?"

"धाग्याला!"

विणकरदादांनी माग बंद केला. चौतीस वर्षांत माझ्या बोलण्याने प्रथमच काही बंद पडले. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग अत्यंत कनवाळूपणाने त्यांनी विचारले, "काका, घरी सोडायला कुणाला तरी पाठवू का?"

परत रिक्षाने निघालो. वाटेत भैय्या चौक लागला. तिथे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांचे स्मारक आहे. १९१० साली याच गावी जन्मलेला हा मनुष्य १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धाच्या आगीत होरपळणाऱ्या चीनमध्ये गेला आणि १९४२ साली तिथेच देह ठेवता झाला. त्यांनी ताव घेऊन मधोमध रेघ ओढली होती की काय, कोण जाणे. मी मान खाली घातली. पुढे सात रस्ता आला. सात वाटा जिथे मिळतात अशा जागी चौक करून त्याचे तेच नाव ठेवणाऱ्या आमच्या पूर्वजांची सरळ बुद्धी वंदनीय आहे, परंतु रिक्षावाल्याने तिथे मान वळवून "कुठनं घ्यायची काका?" असे विचारले तेव्हा मला ते पूर्वज शत्रुवत् वाटले. "तुम्हाला बरं पडेल तिकडून घ्या," मी म्हणालो. "मला कुठनंबी चालतंय, तुम्ही सांगा की!" मी विचार करीत असता रिक्षाने चौकाला दोन प्रदक्षिणा घातल्या. तिसऱ्या वेळी वाहतुकीच्या शिपायाने शिट्टी वाजवून हाताने एक दिशा दाखवली आणि आम्ही दोघेही त्याचे ऋणी होऊन त्या दिशेस गेलो. ती दिशा आमच्या घराची नव्हती, पण दिशा होती.

इतक्यात संक्रांत आली आणि गड्ड्याची जत्रा भरली. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांचे हे गाव. सोन्नलगी हे त्याचे तेव्हाचे नाव. १३ जानेवारीस अडुसष्ट लिंगांस तैलाभिषेक, चौदास संमती कट्ट्यावर अक्षता, पंधरास होमप्रदीपन, सोळास शोभेचे दारूकाम, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि त्यात कोणी कधी 'चर्चा करावी' असा शेरा मारल्याचे ऐकिवात नाही. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त, गगनाला भिडणारे सात नंदीध्वज, आणि हलग्यांचा नाद. हे सर्व मी लहानपणापासून पाहत आलो, परंतु यंदा चादरीने गांजलेल्या मनाने त्यामागची कथा आठवली आणि मी थबकलो. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशीच विवाह करण्याचा हट्ट धरला. ते योगी, विवाह त्यांस वर्ज्य. होय म्हणावे तर योग जातो, नाही म्हणावे तर भक्तीचे मन मोडते. तेव्हा त्यांनी आपला योगदंड पुढे केला आणि त्याच्याशी विवाह करण्याची अनुज्ञा दिली, असे परंपरा सांगते. आणि तो विवाह हे गाव दरसाल नव्याने लावते. अर्ज मंजूरही नाही आणि नामंजूरही नाही! चौतीस वर्षे मिसली चाळून मला जी मखलाशी सुचली नाही ती या महापुरुषाने आठशे वर्षांपूर्वी उभ्याउभ्या करून टाकली होती.

या चिंतनात मी असा गढून गेलो की संमतीचे वाचन कधी सुरू झाले ते कळले नाही. चहूकडून अक्षतांचा पाऊस पडला. मी मूठ उचलली. आता टाकाव्यात की पुढच्या शब्दाला टाकाव्यात, असा विचार मनात आला, आणि तो पुरता मनात येईतो विवाह लागून गेला. घरी पोहोचलो तेव्हा तांदूळ मुठीतच होते. "टाकल्या का अक्षता?" सौभाग्यवतीने विचारले. मी मूठ पाठीमागे घेऊन "गर्दी फार होती" असे सत्य परंतु अप्रस्तुत विधान केले. ते तांदूळ मी सायंकाळी चिमण्यांना घातले. चिमण्यांनी ते ताबडतोब खाल्ले.

तथापि योगदंडाच्या कथेने माझी वाट मोकळी केली. होय आणि नाही यांच्या पलीकडे काही तिसरे असते, ही गोष्ट मनाशी धरून मी आठ दिवसांनी त्याच तिसऱ्या दुकानात गेलो. मागावरून नवा माल उतरला होता. नमुना तोच, रंग दोन: निळा आणि तांबडा. दुकानदाराने माझ्याकडे पाहून डोळे मिटले. मी म्हणालो, "दोन्ही द्या." त्याने डोळे उघडले, गल्ल्यावरच्या भावाला हाक मारली, आणि दोघांनी मिळून मला चहा पाजला. निवड मेहुणीची मेहुणीने करावी, उरलेली आम्ही ठेवावी. प्रकरण सक्षम अधिकाऱ्याकडे वर्ग. माझ्या हयातीतली ही सर्वोत्कृष्ट टिपणी होती.

हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठले. मेहुणीने दोन्ही चादरी पलंगावर पसरल्या आणि टाळ्या पिटल्या.

"अय्या, दोन्ही काय सुरेख आहेत! भावोजी, यातली कुठली ठेवू?"

"तुला आवडेल ती."

"तसं नाही, तुम्ही आणल्यात, तुम्हीच सांगा."

मी साडूंकडे पाहिले. साडू खिडकीबाहेर काहीतरी अत्यंत महत्त्वाचे पाहत होते. मग अमेरिकेतल्या मुलीला चित्रासह दूरध्वनी लावण्यात आला. तिथे अपरात्र होती. तिने अर्धवट झोपेत निळी पाहिली, तांबडी पाहिली आणि "आई, कुठलीही ठेव ना!" असे म्हणून ती अंतर्धान पावली. रक्त कोणाचे आहे ते लपत नाही. मी म्हणालो, "दोन्हीच ठेवून घे." त्यावर मेहुणीचा चेहरा गंभीर झाला. "एक मागितली होती, दोन कशा घेऊ? आणि कपाटात जागा तरी कुठे आहे?" दोन दिवस दोन्ही चादरी त्या पलंगावर शेजारी शेजारी पडून होत्या आणि आम्ही तिघे बाहेरच्या खोलीत बसून इतर विषयांवर बोलत होतो. निघण्याच्या सकाळी तिने दोन्हींची नीट घडी करून माझ्या हाती दिली. "ताईला विचारा, ती म्हणेल ती पुढच्या खेपेला आणा. घाई काही नाही." साडूंनी स्थानकावर पोहोचवताना माझा हात किंचित अधिक वेळ धरून ठेवला. त्यांनी नोकरी कुठे केली हे मी आजवर कधी विचारले नव्हते. त्या क्षणी ते विचारण्याची गरज उरली नाही.

ताईला, म्हणजे सौभाग्यवतीला, विचारले. तिने पदराला हात पुसले, दोन्ही चादरींवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तिला काय, कुठलीही द्या."

तेव्हापासून दोन्ही चादरी टेबलावर, त्या फ्रँकलिनच्या टेबलावर, पडून होत्या. एक तिची, एक आमची, हे सर्वांस मान्य होते. कोणती कोणाची, एवढाच मुद्दा न्यायप्रविष्ट होता, आणि त्याचा निकाल लागेतो कोणतीही एक वापरणे गैर ठरले असते म्हणून माघातली उरलेली थंडी मी जुन्या शालीवर काढली. मग होळी झाली आणि सोलापूरचे ऊन आपल्या अधिकारावर रुजू झाले. चैत्र लागेपर्यंत पारा चाळिशीला टेकला. या गावात त्या दिवसांत मनुष्य अंगावर सदरा ठेवतो हीच त्याची मर्यादशीलता समजावी, चादरीचे नाव कोण काढतो! मेहुणीचाही दूरध्वनी आला की आता पावसाळा लागल्यावरच आणा. मी लगोलग कॅलेंडरवर मृग नक्षत्रापाशी 'तहकूब' असे लिहिले आणि चार महिन्यांनी प्रथमच पोटभर जेवलो.

आज दुपारी सौभाग्यवतीने मोठी ट्रंक ओढून काढली, कसर लागू नये म्हणून तळाशी कडुलिंबाचा पाला अंथरला आणि दोन हातांत दोन चादरी घेऊन ती माझ्या मेजापाशी येऊन उभी राहिली.

"अहो, वर कुठली ठेवू? निळी की तांबडी?"

हे लिहीत आहे तोवर दिवेलागण झाली. ट्रंक उघडीच आहे.